गल्ल्यापाशी गेलेले तीस सेकंद

काउंटरवर ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे आणि आपलं ताट आपणच उचलून न्यायचं, अशा हॉटेलांत गर्दीच्या वेळी भांडणं होतात ती बहुतेक घुसखोरीवरून. ‘ओ, रांग दिसत नाही का?’ इथून सुरुवात होते आणि मग दोन्ही बाजूंचे आवाज चढतात. घुसखोरी वाईटच. पण रांगेचा सगळ्यांत जास्त वेळ घुसखोर खात नाहीत. तो खातात ते शिस्तीत उभे राहिलेले, कुणाला धक्काही न लावणारे आणि गल्ल्यापाशी पोचल्यावर मान वर करून सावकाश बोर्ड वाचायला लागणारे सभ्य लोक. आपला नंबर सोडून पुढे जायचं नाही, एवढं पाळलं की रांगेचे शिष्टाचार पाळले असं आपण धरून चालतो. माझ्या हिशेबी तो निम्माच भाग झाला. उरलेला निम्मा गल्ल्यासमोरच्या त्या अर्ध्याएक मिनिटात असतो.

हे नुसतं मत नाही, त्यामागे गणित आहे आणि ते बरंच जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग यांनी 1909 मध्ये टेलिफोन कॉल्सच्या गर्दीवर लेख लिहिला आणि तिथून रांगांच्या शास्त्राची सुरुवात झाली. त्या शास्त्रातलं सगळ्यांत साधं सूत्र आपल्या काउंटरला लावून बघा. एकच गल्ला आहे, दर गिऱ्हाइकाला सरासरी 60 सेकंद लागतात आणि सरासरी 75 सेकंदांनी एक नवं गिऱ्हाईक येतं. वरवर पाहता सगळं आटोक्यात आहे, माणसं येतात त्यापेक्षा लवकर हातावेगळी होतात. पण लोक काही घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाचजण एकदम शिरतात, कधी तीन मिनिटं कुणीच फिरकत नाही. हा अनियमितपणा धरला की आपला नंबर लागेपर्यंत सरासरी 4 मिनिटं उभं राहावं लागतं. आता प्रत्येकाने फक्त 6 सेकंद जास्त घेतले, म्हणजे 60 चे 66 झाले, तर त्या 4 मिनिटांची 8 होतात. 70 सेकंद झाले तर 16 मिनिटांच्या वर. उलट सगळ्यांनी आटपतं घेऊन 50 सेकंदांवर आणलं, तर पावणेदोन मिनिटांच्या आत नंबर लागतो. खरं तर इतकी लांब रांग बघून काही लोक परत फिरतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे कमी निघतील. पण चढ असाच असतो. गल्ला जवळजवळ सतत गुंतलेला असला की एकदा झालेला उशीर भरून काढायला मोकळा वेळच उरत नाही. तो मागच्याच्या अंगावर जातो, त्याच्याकडून त्याच्या मागच्याच्या.

म्हणजे तुम्ही पाकीट शोधण्यात 30 सेकंद घालवले आणि मागे 12 माणसं असली, तर त्या बाराजणांचे मिळून 6 मिनिटं गेले. रांग मोडेपर्यंत जे नव्याने येऊन उभे राहतील त्यांचे वेगळेच.

रांगेचं टोक

आत शिरल्यावर पहिलं काम रांगेचं टोक शोधायचं. काउंटरसमोर तीन प्रकारची माणसं असतात: ऑर्डर द्यायला थांबलेली, ऑर्डर देऊन पदार्थाची वाट बघणारी आणि नुसती बोर्ड वाचणारी. पाठीमागून तिन्ही सारखीच दिसतात. अंदाज बांधण्यापेक्षा विचारावं, ‘तुम्ही रांगेत आहात का?’ अर्ध्याहून जास्त भांडणं या एका प्रश्नाने टळतात असं मला वाटतं. आणि जे नुसते बोर्ड वाचतायत त्यांनी रांगेच्या रेषेतून बाजूला, भिंतीकडे सरकून वाचावं. रेषेत उभं राहायचं आणि कुणी विचारलं की ‘नाही नाही, मी अजून ठरवतोय’ म्हणायचं, यात मागचे चारजण तोवर उगाच तुमच्या पाठीमागे उभे राहिलेले असतात.

पुढच्यापासून हातभर अंतर पुरे. त्याहून जवळ गेलं की त्याला मानेवर श्वास जाणवतो, आणि तो गडबडला की उलट जास्त वेळ घेतो. दोन माणसं मावतील एवढी जागा सोडली तर येणाऱ्याला वाटतं रांग इथेच संपली, आणि तो निष्पाप मनाने तुमच्या पुढे येऊन उभा राहतो. फोनमध्ये डोकं घालून उभं राहण्यातला खरा तोटा हाच आहे. रांग पुढे सरकते, तुम्ही सरकत नाही, आणि मधल्या पोकळीत कुणीतरी शिरतं. त्याला घुसखोर म्हणता येत नाही.

रांग दाराच्या, जिन्याच्या किंवा ट्रे ठेवण्याच्या वाटेवर आली तर तिथे माणूस जाईल इतकी फट सोडायची आणि पलीकडे रांग पुढे चालू ठेवायची. फटीच्या मागे जो पहिला उभा असतो त्याच्यावर थोडी जबाबदारी असते. नवीन येणाऱ्याने फटीत पाय ठेवला की त्याने सांगावं, ‘रांग इथून मागे आहे, ही जायची वाट आहे.’

काही ठिकाणी रांगच नसते. काउंटरला लागून सात-आठजणांचा घोळका असतो आणि आतला माणूस ‘बोला, पुढे कोण?’ म्हणत असतो. अशा ठिकाणी आल्याआल्या विचारायचं, ‘शेवटी कोण आलंय?’ ज्याने हात वर केला त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. बस. त्याच्यानंतर आपण, आणि आपल्यानंतर जो विचारेल त्याला आपण हात दाखवायचा. घोळका कसाही उभा राहिला तरी क्रम शाबूत राहतो. काउंटरवरच्याने चुकून तुमच्याकडे बघून ‘बोला’ म्हटलं तर ‘यांचा नंबर आधी आहे’ असं सांगायचं. आतल्याला क्रम दिसत नाही, तो फक्त हिशेब आणि ट्रे बघत असतो. त्याने विचारलं म्हणून नंबर आपला होत नाही.

दोन-तीन गल्ले असतील तर सगळ्यांसाठी एकच रांग असणं केव्हाही बरं. पुढचा गल्ला रिकामा झाला की रांगेतला पहिला तिकडे जातो, त्यामुळे आपल्यानंतर आलेला कधीच आपल्या आधी ऑर्डर देत नाही. प्रत्येक गल्ल्याची वेगळी रांग असली की ही खात्री जाते. तीन सारख्या रांगा असतील तर तुमचीच सगळ्यांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनातल्या दोन वेळा शेजारची कुठली तरी रांग पुढे निघणारच. त्यात नशिबाचा दोष नाही. अशा वेळी या रांगेतून त्या रांगेत उड्या मारण्यात फारसा फायदा नसतो. मारायचीच तर नव्या रांगेच्या शेवटी उभं राहायचं, जुन्या जागेवर हक्क सांगायचा नाही.

बंद गल्ला अचानक उघडला की मात्र खरी परीक्षा असते. शेवटी उभे असलेले सगळ्यांत चपळ निघतात, कारण त्यांना हलायला जागा असते आणि गमावायला काही नसतं. न्याय्य हे की, ज्याचा नंबर पुढचा आहे त्याने तिकडे जावं, आणि त्याच्या मागच्यांनी त्याच क्रमाने. काउंटरवाल्याने ‘इकडे या कुणीतरी’ असं म्हणण्याऐवजी ‘यांच्या मागचे ताई, तुम्ही इकडे या’ असं माणसाकडे बघून म्हटलं तर ही पळापळ होतच नाही.

थांबायचं की नाही हे ठरवायचं असेल तर डोकी मोजू नका, ऑर्डरी मोजा. चौघांचं कुटुंब म्हणजे बहुधा एक ऑर्डर. एकाच ऑफिसातले चौघं म्हणजे बरेचदा चार ऑर्डरी आणि चार वेळा पैसे. मग दोन मिनिटं नुसतं बघा किती ऑर्डरी निघाल्या. दोन मिनिटांत तीन निघाल्या आणि पुढे 15 असतील तर तुमचा नंबर साधारण 10 मिनिटांनी. त्यात पदार्थ तयार व्हायचा वेळ धरा. हा हिशेब करून निघून जाणं हे काही रांगेचा अपमान करणं नव्हे, उलट मागच्यांची सोयच.

नंबर लागायच्या आधी

पुढे तीनजण राहिले की फोन खिशात जावा. बोर्ड वाचून ठरवायचं ते इथे. एक पसंती आणि एक राखीव, कारण गर्दीच्या वेळी एखादा पदार्थ संपलेला असतोच आणि ‘ते नाहीये’ हे ऐकल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागणं हा वेळ खाणारा सगळ्यांत नेहमीचा प्रकार आहे. बरोबरच्यांना काय हवं ते आताच विचारून घ्यायचं. मुलं बरोबर असतील तर त्यांचं ठरवणंही इथेच. गल्ल्यापाशी मुलाला उचलून घेऊन ‘बोल, काय हवंय तुला?’ हे कौतुक गर्दीत सगळ्यांना महागात पडतं. मुलाला बोलायची हौस असेल तर वाक्य आधी पाठ करून घ्या आणि गल्ल्यावर त्याला तेवढंच बोलू द्या.

सांगण्याला क्रम असतो. आधी इथेच खाणार की पार्सल, कारण बऱ्याच बिलिंग मशीनवर हे पहिल्यांदा निवडावं लागतं आणि मागाहून बदललं तर पॅकिंग आणि कधी दरही बदलतो. मग पदार्थ आणि किती, ‘दोन हे, एक ते’ असं. बदल हवा असेल तर त्या पदार्थाला लागूनच सांगायचा: तिखट कमी, अमुक नको. स्क्रीनवर बदलाची खिडकी त्या पदार्थाखाली उघडते. सगळी यादी सांगून झाल्यावर ‘आणि हो, त्या पहिल्यात कांदा नको’ म्हटलं की त्याला परत मागे जावं लागतं, आणि चुका नेमक्या इथेच होतात. अ‍ॅलर्जी असेल तर ती मात्र सगळ्यांत आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगावी. तिथे घाई करू नये, मागचे थांबतील. पेयं शेवटी. यादी मोठी असेल तर लिहून आणावी, पण फोन त्याच्या हातात देऊ नये. तो यादी वाचत बसतो, स्क्रीन मध्येच बंद पडते. तुम्ही वाचा, त्याला बटणं दाबू द्या.

बिल वेगवेगळी हवी असतील तर पहिल्या वाक्यात सांगायचं. एकत्र बिल झाल्यावर ते फोडायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द करायला वरिष्ठाची परवानगी किंवा त्याचा पासवर्ड लागतो. तो वरिष्ठ त्या वेळी आत स्वयंपाकघरात असतो. कूपन, सवलतीचा कोड, नेहमीच्या गिऱ्हाइकाचे पॉइंट यांचंही तेच. बिल व्हायच्या आधी.

दहा-पंधरा जणांची ऑर्डर असेल तर ऐन गर्दीत रांगेत उभं राहणं नियमाला धरून आहे, पण शहाणपणाचं नाही. आधी फोन करून सांगावं, किंवा गर्दीच्या अर्धा तास आधी यावं. तेही जमलं नाही तर निदान मागे एकटा उभा असलेल्याला ‘माझं जरा मोठं आहे, तुम्ही व्हा पुढे’ म्हणावं. त्यात तुमचं एखादं मिनिट जातं, त्याची पाच वाचतात.

पैसे. कार्ड किंवा फोन हातात, अ‍ॅप उघडलेलं, ऊन पडत असेल तर स्क्रीनचा उजेड वाढवलेला. एकदा पैसे गेले नाहीत तर दुसऱ्यांदा प्रयत्न करा. तिसऱ्यांदा करायच्या आधी ‘मी बाजूला होतो, तोवर यांचं घ्या’ असं विचारावं. रोख देणार असाल तर नोट आणि सुटे एकदम हातात द्या. त्याने रक्कम टाकून परत द्यायचे पैसे मोजायला घेतल्यावर ‘थांबा, माझ्याकडे वरचे सुटे आहेत’ म्हटलं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. शिवाय मोजता मोजता नोटा बदलून गल्ल्याला गंडवायची एक जुनी युक्ती नेमकी अशीच सुरू होते, त्यामुळे मुरलेला कॅशियर अशा वेळी सावध होतो, कधी सरळ नाहीच म्हणतो. त्याचा राग मानू नये. फोन वाजला तर वाजू द्यावा. अगदीच घ्यायचा असेल तर रांगेतून बाजूला व्हावं. एका हाताने कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने बोर्डाकडे बोट दाखवणारा माणूस काउंटरवाल्याला माणूस समजत नाही, एवढंच म्हणतो.

पैसे दिल्यावर

पावती हातात आली की एक पाऊल बाजूला. मागे नाही, बाजूला, कारण मागे गेलात तर मागच्याच्या पायावर पडतो तुमचा पाय. पाकीट बंद करणं, सुटे मोजणं, पिशवी खांद्यावर अडकवणं हे सगळं त्या बाजूच्या जागेत. पावती वाचायची तीही तिथेच, आणि लगेच वाचायची. चूक आत जाऊन पदार्थ तयार होण्याआधी सापडली तर निस्तरायला काही सेकंद लागतात. नंतर सापडली तर पदार्थ वाया जातो.

चूक दुरुस्त करायला रांगेच्या शेवटी जावं का? नाही. पैसे तुम्ही दिलेत, काम अर्धवट राहिलंय. पण गल्ल्यावर चालू असलेल्याचं बोलणं तोडायचं नाही. बाजूला, काउंटरवाल्याच्या नजरेत येईल असं उभं राहायचं, आणि एक गिऱ्हाईक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत सांगायचं. चमचा राहिला, पावती मिळाली नाही, एक पदार्थ कमी आला, हे सगळं या फटीत बसतं. पण ‘अजून एक द्या’ ही नवीन ऑर्डर आहे. ती विसरलात तर रांगेच्या शेवटी. फरक सोपा आहे: पुन्हा पैसे द्यावे लागणार असतील तर पुन्हा रांग.

पदार्थ घ्यायच्या काउंटरशी चिकटून उभं राहू नये. नंबर पुकारला की ज्याचा आहे त्याला वाट काढत यावं लागतं, हातात गरम ट्रे असतो, सांडतं तिथेच. दोन पावलं मागे उभं राहिलं तरी नंबर ऐकू येतो. आणि इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी की टोकनचे नंबर क्रमाने पुकारले जातीलच असं नाही. स्वयंपाकघरात तवा, तळण, थंड पदार्थ, पेयं अशा वेगळ्या जागा असतात आणि तुमच्या ऑर्डरीतला सगळ्यांत हळू होणारा पदार्थ सगळी ऑर्डर अडवून धरतो. मागच्याने नुसतं पेय मागितलं असेल तर ते आधी येणारच. तो पुढे घुसलेला नाही. सांगितलेली वेळ उलटून गेली, किंवा तुमच्यासारखीच ऑर्डर दिलेले नंतरचे दोन-तीन नंबर निघून गेले, तर विचारावं. ‘किती वेळ?’ असं नको. पावती पुढे करून ‘हा नंबर लागलाय का बघता का?’ असं. कागद आत पडून राहिला असेल तर तो या प्रश्नाने सापडतो, त्या प्रश्नाला मात्र ‘दोन मिनिटं’ हेच उत्तर मिळतं.

घरपोच देणारे डिलिव्हरीवाले आणि अ‍ॅपवरून आधी ऑर्डर दिलेले लोक थेट पुढे जातात तेव्हा रांगेतल्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांची ऑर्डर आधीच लागलेली असते, ते फक्त उचलायला येतात. त्यांनी ऑर्डरच्या गल्ल्यासमोर न जाता उचलायच्या बाजूला उभं राहावं, आणि दुकानाने तशी जागा ठरवून पाटी लावावी. ती पाटी नसणं हा दुकानाचा दोष, त्या पोराचा नाही.

घुसणारे, जागा धरणारे

आता घुसखोरी. स्टॅनली मिल्ग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर न्यूयॉर्कमधल्या रांगांत मुद्दाम माणसं घुसवून बघितली होती. निष्कर्ष 1986 मध्ये छापून आले. माणूस तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये शिरायचा. एकटा घुसला तर साधारण 54 टक्के रांगांतच कुणी आक्षेप घेतला. दोघं घुसले तेव्हा 91 टक्क्यांत. बोलणारे मुख्यतः घुसलेल्याच्या मागचे, त्यातही त्याला लागून मागे असलेला. तो गप्प राहिला की बाकीचेही बहुधा गप्पच राहतात. म्हणजे कुणी तुमच्या पुढ्यात घुसलं तर बोलण्याची पाळी तुमची आहे, चार माणसं मागे असलेल्याची नाही. तुमच्या गप्प बसण्याची किंमत तोही मोजतो.

बोलायचं कसं? त्याला रांग दिसली नसेल असं धरून. ‘दादा, रांग तिकडून आहे’ आणि हाताने टोक दाखवायचं. खरोखरच न दिसलेला माणूस ‘अरे सॉरी’ म्हणून मागे जातो, आणि मुद्दाम घुसलेल्याला अब्रूनिशी मागे जायला वाट मिळते. ‘अक्कल आहे का?’ने सुरुवात केली की तीच वाट बंद होते. दोनदा सांगूनही हलला नाही तर काउंटरवाल्याला शांतपणे सांगा की नंबर यांचा नाही. त्याने ऑर्डर घेतली नाही की विषय मिटतो. हातघाईवर येण्याइतकं काही ते महत्त्वाचं नसतं.

कारण सांगून पुढे जाऊ देण्याची विनंती करणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी 1978 मध्ये छापलेल्या फोटोकॉपी मशीनवरच्या प्रयोगात नुसतं ‘मला आधी करू द्याल का’ म्हणणाऱ्यांना 60 टक्के लोकांनी होकार दिला, घाई आहे असं कारण सांगितल्यावर 94 टक्क्यांनी. पण ते पाच पानांसाठी. वीस पानं म्हटल्यावर कारण असूनही होकार 42 टक्क्यांवर आला. लहान काम असेल तर विचारायला हरकत नाही. मात्र ज्याला विचारलं तो फक्त स्वतःचा वेळ देऊ शकतो, त्याच्या मागच्यांचा नाही. म्हणून मागच्या दोघातिघांना ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारावं आणि त्यांच्याकडेही एकदा बघावं. ओळखीचा दिसला म्हणून त्याला आपल्या पुढे घेणं यात तुमचं औदार्य मागच्यांच्या खर्चाने होतं. द्यायचीच असेल तर आपली जागा त्याला द्या आणि आपण शेवटी जा.

जागा धरण्याचं साधं माप मी असं लावतो: रांगेतल्या ऑर्डरींची संख्या वाढते का? एकजण उभा आहे, बाकीचे तिघे नंतर येऊन मिळाले, ऑर्डर एकच, पैसे एकदाच. हे चालतं. एकाच्या मागे चौघं येऊन चार वेगळ्या ऑर्डरी देणार असतील तर ती शिष्टपणे केलेली घुसखोरी. हात धुवायला जायचं असेल तर मागच्याला सांगून जावं, आणि परत आल्यावर त्याच्याच पुढे उभं राहावं. तो गल्ल्यापर्यंत पोचून गेला असेल तर जागा गेली. पिशवी ठेवून जागा राहत नाही. पिशवी पुढे सरकत नाही.

टेबलं

यावर लोक हमरीतुमरीवर येतात: आधी टेबल धरायचं की आधी ऑर्डर? दुकानाचा नियम लिहिलेला असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर हिशेब करू. खायला 20 मिनिटं, रांगेत 8, पदार्थ तयार व्हायला 5. आल्याआल्या टेबलावर ओढणी टाकून रांगेत गेलात तर टेबल 33 मिनिटं अडकतं. 12 टेबलांवर तासाला जेमतेम 22 गट जेवतील. पैसे भरून मग बसलात तर 25 मिनिटं, म्हणजे जवळपास 29 गट. ट्रे हातात घेऊनच सगळे बसले तर 36. टेबलं तीच, खाण्याचा वेग तोच, आणि ‘जागाच मिळत नाही’ ही भीतीच जागा खाते. म्हणून गर्दीत माझं मत पैसे भरल्यावर बसण्याच्या बाजूने आहे. ट्रे घेऊन उभं राहायची वेळ येऊ नये आणि टेबलही रिकामं अडू नये, असा तो मधला मार्ग. म्हातारी माणसं, लहान मूल कडेवर असलेले, पायाला त्रास असलेले यांनी आधी बसावं. आणि त्रास नेहमी दिसतोच असं नाही, तेव्हा खुलासा मागू नये. रांग इतकी वेगात सरकत असेल की टेबलांपेक्षा ट्रे जास्त निघतायत, तर मग कुठलाही शिष्टाचार पुरत नाही. तिथे दुकानानेच थोडा वेळ ऑर्डरी थोपवायला हव्यात.

जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहू नये. त्याने घास पटापट गिळावेत अशी तुमची इच्छा त्याच्या पाठीला कळते. दूर उभं राहून नजर ठेवली तरी टेबल सुटताना दिसतं. खाऊन झालेल्याने मात्र रिकाम्या ट्रेसमोर गप्पा लांबवू नयेत, आणि ट्रे ठेवायची जागा असेल तर नेऊन ठेवावा.

बंद व्हायच्या वेळेला गेलात तर रांगेत लागण्याआधी पुढे जाऊन, ऑर्डर न देता, फक्त एवढं विचारावं की स्वयंपाकघर चालू आहे का. दुकान उघडं दिसतं त्याच्या बरंच आधी चूल बंद झालेली असू शकते. काउंटरवाल्याने ‘यांच्यानंतर बंद’ म्हणून तुमच्याकडे बोट दाखवलं, तर मागे येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगणं हे आता तुमचं काम. तोंडाने सांगा, मान हलवून भागत नाही. लोकांना वाटतं तुम्ही नमस्कार करताय, आणि ते मागे उभे राहतात.